फोल्डस्कोप: ५२ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या हाती सूक्ष्मदर्शी

शाळेच्या विज्ञान विभागाला थोडे पैसे मिळालेत, काय घेऊ, असं कुणी विचारलं तर मी फोल्डस्कोप सांगते. आणि लगेच पुढे सांगते, की घ्यायचा असेल तर वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी घ्या. दोन-तीन नग आणून कपाटात ठेवणार असाल तर ते पैसे दुसऱ्या कशाला तरी लावा.

मी ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला, एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या माझ्या वर्गात ५२ मुलं आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेल्या देणगीतून आम्ही हे सूक्ष्मदर्शी मागवले. मुलांनी ते वर्गात वापरले, घरी नेले, सहलीला नेले, भर पावसाळ्यात वापरले. त्या सगळ्यावरून हे लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी ओळख. फोल्डस्कोप म्हणजे जाड, पाण्याने न भिजणाऱ्या कागदाला घड्या घालून बनणारा सूक्ष्मदर्शी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला आणि २०१४ मध्ये त्याच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मनू प्रकाश उत्तर प्रदेशात वाढलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. मुलांना मी हे आवर्जून सांगते. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसेल असा सूक्ष्मदर्शी करता येतो, हे त्या निबंधात दाखवलं होतं. आपण विकत घेतो तेव्हाची किंमत अर्थातच त्याहून जास्त असते, कारण त्यात काचपट्ट्या, चिकटपट्टी, चिमटा, डबा असं बरंच काही येतं. आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही पुढे शाळा-कॉलेजांना फोल्डस्कोपचे प्रकल्प दिले होते.

आत भिंग एकच. अडीच मिलिमीटरच्या आतबाहेरचा काचेचा मणी. विशालन सुमारे १४० पट, आणि दोन मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखू येतील इतकी स्पष्टता. दहावीच्या मुलांकडून मी हे गणित करून घेते. सुस्पष्ट दृष्टीचं किमान अंतर २५ सेंटिमीटर, म्हणजे २५० मिलिमीटर. अशा मण्याचं नाभीय अंतर साधारण १.८ मिलिमीटर. भागाकार केला की १४० च्या जवळ उत्तर येतं. "मोठं दाखवायला मोठं भिंग लागणार ना, बाई?" हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. फळ्यावर कितीही किरणाकृती काढल्या तरी तो पुरता सुटत नाही. त्या इवल्याशा मण्यातून स्वतः पाहिलं की सुटतो.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६७० च्या दशकात तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले तेही असंच एकच बारीक भिंग वापरून. तेव्हा एका भिंगाचा सूक्ष्मदर्शी म्हणजे खेळणं, असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची सुरुवातच तिथून झाली.

आमच्या प्रयोगशाळेत दोन संयुक्त, म्हणजे एकापेक्षा जास्त भिंगांचे नेहमीचे, सूक्ष्मदर्शी आहेत आणि ते चांगले आहेत. अडचण रांगेची होती. टेबलाभोवती ५२ मुलं, एका तासिकेची वेळ, त्यात काचपट्टी तयार करायची, प्रकाश जुळवायचा. एकेकाच्या वाट्याला काही सेकंद यायचे. मागून "ए, चल की लवकर" चालूच. मूल डोळा लावायचं, त्याला स्वतःच्याच पापण्या दिसायच्या, आणि "दिसलं, बाई" म्हणून ते बाजूला व्हायचं. मग जागेवर बसून पुस्तकातली कांद्याच्या पेशींची आकृती वहीत उतरवायची, नावं द्यायची, गुण मिळवायचे. अशा वह्या तपासताना मला फार वाईट वाटायचं. न दिसलेल्याला 'दिसलं' म्हणायची सवय मुलांना विज्ञानाच्या तासाला लागावी, याहून मोठं नुकसान मला सुचत नाही.

म्हणून प्रत्येकाला एक, हा आग्रह. मुलाच्या हातात स्वतःचा सूक्ष्मदर्शी असला की त्याला घाई करायला कुणी मागे उभं नसतं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग धूसर काहीतरी. मग ते हलवून हलवून स्पष्ट करायचं. हा खटाटोप मुलाने स्वतः करायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो. माझ्या मते या वस्तूची खरी किंमत त्या वेळेत आहे.

जोडणीबद्दल. रंग जुळवून घड्या घालायच्या असतात. शिक्षकांनी आधी घरी एक पूर्ण बनवून, उलगडून, पुन्हा बनवून पाहावा. वर्गात मी एक अख्खी जोड तासिका फक्त जोडणीला दिली आणि त्या दिवशी काही बघायचं नाही असं आधीच सांगून टाकलं. सगळे भाग एकदम वाटू नका. एक भाग वाटा, त्याची घडी सगळ्यांची झाली की पुढचा. घडीवर नखाने नीट दाब द्यायला लावा. घडी कच्ची राहिली तर काचपट्टी पुढेमागे सरकवताना अडकते. भिंगाला बोट लावायचं नाही हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. जोडून झाला की प्रत्येकाने आपलं नाव घातलं, कुणी फुलं काढली, कुणी क्रिकेटच्या संघाचं चिन्ह. मी अडवलं नाही. ज्या वस्तूवर स्वतःचं नाव आहे ती मुलं जपतात.

बघताना पापणी कागदाला लागेल इतकं जवळ धरावं लागतं. एक डोळा मिटून घेऊ नका, दोन्ही उघडे ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत डोकं दुखतं. दोन्ही अंगठ्यांनी कागदी पट्ट्या सरकवत आधी जागा शोधायची, मग स्पष्टता जुळवायची. खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाकडे किंवा ट्यूबलाइटकडे रोखून पाहायचं. सूर्याकडे कधीही नाही. हे मी तासाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सांगते, आणि घरी नेताना पालकांच्या गटावरही लिहून टाकते. डोळ्याचा प्रश्न आहे, इथे कंटाळा करून चालत नाही.

सुरुवात मी कांद्याने केली नाही, बटाट्याने केली, आणि इतर शिक्षकांनाही तेच सुचवेन. कापलेला बटाटा काचपट्टीवर हलकेच घासायचा, एक थेंब पाणी, वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच. पिष्टाचे लंबगोल कण लगेच दिसतात, कारण त्यातले मोठे कण १०० मायक्रोमीटरपर्यंत असतात. मग कव्हरस्लिपच्या कडेला पातळ केलेल्या आयोडीनचा थेंब सोडायचा आणि डोळा न काढता बघत राहायचं. निळा-काळा रंग एका बाजूने आत सरकत येतो. पिष्टाची आयोडीन परीक्षा ही मुलं परीक्षानळीत आधीच करून बसलेली असतात, पण कण-कण रंगताना पाहिला की सगळ्या वर्गातून एकच आवाज उठतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाला काहीतरी दिसलंच पाहिजे. कांद्याचा पापुद्रा जाड निघाला तर काहीच कळत नाही आणि मूल हिरमुसतं. बटाटा कुणाला निराश करत नाही.

दुसऱ्या तासाला कांदा. आणि तिथे हवेचे बुडबुडे. निम्म्या वर्गाने वहीत सुंदर गोल पेशी काढल्या, जाड काळ्या कडेच्या. मी खोडायला सांगितलं नाही. शेजारच्याची वही बघा म्हटलं. एकाच्या वहीत विटांसारख्या लांबट पेशी, दुसऱ्याच्या वहीत गोल. कांदा एकच, मग हे कसं? बराच वेळ चर्चा झाली. शेवटी एका मुलीने कव्हरस्लिप चिमट्याने हळूच दाबली आणि ओरडली, "बाई, माझी पेशी पळाली!" त्यावरून वर्गाने स्वतःच नियम बांधला: अगदी गोल, कड जाड काळी आणि दाबल्यावर सरकणारं जे असेल ते हवा. कव्हरस्लिप सपाट टाकू नका, एक कड आधी पाण्याला टेकवून तिरपी ठेवत खाली आणा म्हणजे बुडबुडे कमी येतात. आणखी एक नियम मी दिला. काहीतरी संशयास्पद दिसलं तर काचपट्टी सरकवून बघा. डाग सरकला तर तो काचपट्टीवर आहे. जागचा हलला नाही तर भिंगावर धूळ आहे. हे दोन नियम ज्या मुलाला पक्के झाले, ते पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेतही गोंधळणार नाही.

आता सगळ्यात गाजलेलं भांडण सांगते. पर्णरंध्रांसाठी, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांसाठी, आम्ही ऱ्होइओ वापरतो, वरून हिरवी आणि खालून जांभळी पानं असलेलं, सोसायट्यांच्या बागांत हमखास सापडणारं झाड. खालच्या बाजूची जांभळी साल अलगद सोलून निघते आणि जांभळ्या पेशींमध्ये रंध्रं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या रक्षक पेशींच्या हिरव्या जोड्या छान उठून दिसतात. एका बाकावरच्या मुलांनी रंध्रं उघडी काढली, मागच्या बाकावरच्यांनी बंद. दोन्ही बाकांचं म्हणणं, आमचंच बरोबर. पुस्तकात उघडी आणि बंद अशा दोन्ही आकृत्या शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे पुस्तक बघून निकाल लागेना. मी म्हटलं, पान कुठून आणलंत ते सांगा. पहिल्यांनी मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंडीतून ताजं तोडलं होतं. दुसऱ्यांचं सकाळी घरून आणलेलं, दप्तरात दबून मलूल झालेलं. एका मुलाने लगेच सांगितलं, "ते सुकलं म्हणून त्याने दारं लावून घेतली." मग दुसऱ्या दिवशी मुलांनी आपणहून दोन्ही प्रकारची पानं आणून पुन्हा पाहिलं. बाष्पोत्सर्जनावर मी तयार केलेला पाठ त्या वर्षी मला शिकवावाच लागला नाही. आकृतीखाली 'पान कधी तोडलं, किती वाजता पाहिलं' हे लिहायची पद्धत त्या दिवसापासून वर्गात सुरू झाली, ती अजून चालू आहे.

ठाण्यात राहण्याचा फायदा असा, की बघायला वस्तू कमी पडत नाहीत. मासुंदा, कचराळी, उपवन असे तलाव आहेत आणि एका बाजूला खाडी. आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सहल नेली तेव्हा मुलांनी फोल्डस्कोप गळ्यात अडकवून आणले होते. तिथे तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, पडलेली पानं सापडली. पानाच्या अंगावर मिठाची पांढरी पूड दिसते, कारण तिवर मुळांतून आलेलं जादाचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. ती पूड कोरड्या काचपट्टीवर झटकून पाहिली तर बारीक बारीक चौकोनी स्फटिक. घरी जाऊन स्वयंपाकघरातलं मीठ बघा, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकृत्या शेजारी काढून आल्या. झाडाची फांदी तोडायची नाही, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, फक्त पडलेली पानं उचलायची, एवढं बजावून ठेवा.

खाडीच्या चिखलावरचा तपकिरी थर चमच्याच्या टोकाने घेऊन पाण्यात हलवला की डायटम दिसतात. होडीसारखी, पारदर्शक, काचेच्या कवचाची एकपेशीय शैवालं. आणि पलीकडे खाडीत फ्लेमिंगो चोच उलटी करून हेच सूक्ष्म अन्न गाळून खात होते. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ही जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली, हे मी दर वर्षी सांगायचे. मुलं ऐकून घ्यायची. डायटम डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र प्रश्न आले: खाडीत रसायन आलं तर हे मरतील का, हे मेले तर पक्षी येतील का, पाणी गढूळ झालं तर यांना ऊन मिळेल का? तिसरा प्रश्न आठवीच्या मुलाने विचारलेला आहे, मला त्याचा अजूनही आनंद वाटतो.

तलावाच्या पाण्यातले जीव भराभर पळतात आणि दिसायच्या आधीच निसटतात. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका, त्यांच्या जाळीत ते अडकून राहतात. पाण्यात फारसं काही सापडलं नाही तर सुकं गवत किंवा पेंढा पाण्यात घालून काही दिवस उघडा ठेवा, पृष्ठभागावर साय धरली की तिथला थेंब घ्या. आणि पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर जी हिरवी मखमल येते ती खरवडून पाण्यात काही तास भिजवा आणि पिळा. त्यात चक्रधर जीव, म्हणजे रोटिफर, बरेचदा मिळतात. डोक्यावरचे केस गरागरा फिरवल्यासारखे दिसतात. मुलं वेडी होतात.

आता मर्यादा. त्या कळल्या नाहीत तर निराशा होते, म्हणून मोकळेपणाने सांगते. दह्यातले जिवाणू या विशालनात नीट दिसत नाहीत. ते इतके लहान असतात की जेमतेम ठिपके वाटतात, आकार कळत नाही. सूक्ष्मजीवांच्या पाठासाठी प्रयोगशाळेतला संयुक्त सूक्ष्मदर्शीच लागतो. गालाच्या पेशी दिसतात, मिथिलीन ब्लूने रंगवल्यावर केंद्रकही दिसतं, पण पेशीतली बाकीची अंगकं शोधायला लावू नका. रक्त मी वर्गात पाहू देत नाही. सुया टोचण्याचा प्रकार ५२ मुलांत नकोच. चष्म्याच्या मुलांना आधी चष्मा काढून पाहायला सांगते. जवळचं किंवा लांबचं दिसत नसेल तर स्पष्टता जुळवताना ती कसर भरून निघते. दृष्टीवैषम्याची (सिलिंड्रिकल नंबरची) कसर मात्र निघत नाही, अशा मुलांना मोबाइल जोडून दाखवावं. हात थरथरला की चित्र थरथरतं, म्हणून कोपर बाकावर टेकवून बसवा. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून आलं की खिडकीतला उजेड पुरत नाही. दिव्याची सोय असलेले संच मिळतात. ती नसेल तर ट्यूबलाइट किंवा पांढऱ्या कागदावर पडलेला टॉर्चचा उजेड चालतो.

यापूर्वी मी स्वतःच्या पैशाने ऑनलाइन एक प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शी घेतला होता, खोक्यावर १२०० पट लिहिलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. विशालन वाढवलं की फक्त धूसर रंगीत कडा मोठ्या होत गेल्या आणि दांडा पकडला की नळी डुलायची. पालकांनी यावरून एक लक्षात घ्यावं. 'किती पट' हा आकडा एकटा काही सांगत नाही. किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते विचारा. स्पष्ट १४० पट हे धूसर १२०० पटीपेक्षा शिकायला कितीतरी उपयोगाचं आहे.

मोबाइल चुंबकाने जोडता येतो, फोटो निघतात, पडद्यावर सगळ्यांना एकदम दाखवता येतं. सोय उत्तम आहे. तरी माझ्या वर्गात क्रम ठरलेला आहे: आधी डोळा, मग पेन्सिल, शेवटी मोबाइल. फोटो आधी काढू दिला तर मुलं फोटोच पाहतात आणि वस्तू पाहायची थांबतात. चित्र काढताना मात्र बघावंच लागतं. ही पेशीभित्तिका दुहेरी आहे का, केंद्रक मध्ये आहे की कडेला, सगळ्या पेशींत दिसतंय का, हे प्रश्न पेन्सिल हातात असल्याशिवाय पडत नाहीत. चित्र सुबक नसलं तरी मी गुण कापत नाही. पुस्तकातल्यासारखं हुबेहूब आलं तर मात्र शेजारी बसून विचारते, की हे तुला कुठे दिसलं, मला दाखव. परीक्षेत पुस्तकातलीच नामनिर्देशित आकृती काढावी लागते, त्याचीही तयारी वेगळी करून घेते. दोन्ही आकृत्या वहीत समोरासमोरच्या पानांवर असतात. ज्याने खरी पेशी पाहिली आहे त्याला पुस्तकातली आकृती पाठ करावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आकार मोजायला शिकवायचं असेल तर डोक्यावरचा एक केस पेशींच्या शेजारी ठेवा. केसाची जाडी साधारण ७० ते ८० मायक्रोमीटर धरली तर पेशी किती केसांइतकी लांब, यावरून अंदाज येतो. गुणोत्तराचं गणित इथे आपोआप होतं. गणिताच्या सरांनी हे पाहिलं आणि आपल्या तासालाही मागून नेले.

घरी नेऊ द्यावेत का, यावर शिक्षकखोलीत बरीच चर्चा झाली होती. हरवतील, लहान भावंडं मोडतील, ही भीती रास्त होती. मी नेऊ द्यावेत या बाजूची होते आणि अजूनही आहे. शाळेत आपण दाखवतो तेच मुलं बघतात, घरी त्यांना जे बघावंसं वाटतं ते. एका मुलीने तांदळातला टोका नेऊन आजीला दाखवला. आजी म्हणाली, "अगं बाई, ह्याच्या पायालासुद्धा काटे आहेत की!" मग आजीने डाळीतला किडा, गव्हातला किडा, सगळे आणून दिले आणि कुठला कुठे होतो हे सांगितलं. त्या मुलीचा धान्यातल्या किड्यांचा प्रकल्प विज्ञान प्रदर्शनात सगळ्यात उत्तम होता, आणि त्यातली निम्मी माहिती आजीची होती. एका मुलाने स्वतःच्या गणवेशाचा धागा आणि आईच्या सुती साडीचा धागा पाहिला. सुती तंतू पिळलेल्या फितीसारखा, गणवेशातला कृत्रिम तंतू काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत. नैसर्गिक आणि मानवनिर्मित धागे हा पाठ त्याने वर्गाला शिकवला.

देखभालीचं थोडक्यात. ओली काचपट्टी आत ठेवून घड्या मिटू नका. भिंग मऊ कोरड्या सुती कापडाने, फुंकर न मारता पुसा. प्रत्येक मुलाला आपापली काचपट्टी द्या आणि गालाच्या पेशींच्या दिवशी दातकोरणीही प्रत्येकाची वेगळी ठेवून तासानंतर गोळा करून टाका. आठवीतल्या मुलांच्या हातात काचेच्या काचपट्ट्या मी निःशंक देते. पाचवी-सहावीला जाड कागदाची पट्टी, मध्ये भोक आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी हाच प्रकार बरा. काचपट्ट्या, कव्हरस्लिप, मिथिलीन ब्लू हे सगळं मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला घाऊक भावात मिळतं. शाळेसाठी एकदाच भरपूर आणून ठेवणं परवडतं.

पैशांचं बोलायचं तर सुटा एक घेण्यापेक्षा वर्गासाठीचा मोठा संच घेतला की नगामागे बराच फरक पडतो. दोन-तीन शाळांनी मिळून मागवला तरी चालेल. प्रत्येकाला एक शक्य नसेल तर दोघांत एक घ्या. एकाने पाहायचं, दुसऱ्याने तो काय सांगतो ते ऐकून चित्र काढायचं आणि मग अदलाबदल, असं केलं तर त्यातूनही चांगलं शिक्षण होतं. पाच जणांत एक मात्र नको. तिथे पुन्हा रांग लागते. आणि अजिबातच पैसे नसतील तर जुन्या लेझर पॉइंटरमधलं बारीक भिंग काढून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवा. विशालन फार मिळत नाही, पण फुलाचे पराग, मुंगी, कापडाची वीण दिसते. आमच्या शाळेत देणगी येण्याआधी आम्ही हेच करत होतो.

घरी एकच मूल असेल आणि ते पाचवीच्या पुढे असेल तर साधा संच पुरतो, चिमटे-चाळण्यांनी भरलेला महागाचा घ्यायची गरज नाही. फक्त पहिले काही दिवस आईने किंवा बाबांनी शेजारी बसावं आणि स्वतःही पाहावं. "काय दिसतंय?" असं विचारावं, "हे काय आहे?" असं नाही. मुलाला नाव येत नसेल, पण वर्णन करता येतं. सुरुवात बटाट्याने करा, मग जास्वंदीचा पराग घ्या, तो मोठा आणि काटेरी असतो. शक्य असेल तर मे महिन्यातच मागवून ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की सोसायटीच्या भिंतीवर शेवाळ धरतं, कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचतं. त्या बशीतला एक थेंब आधी बघून घ्या आणि मग ती रिकामी करा, कारण त्यात डासाच्या अळ्याही असतात.